पत्रातला ‘नियती’ हा शब्द

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला मसुदा काल दुपारी एकदा आणि रात्री जेवणे आटोपल्यावर पुन्हा एकदा वाचला. तुझ्या कामावर परांचीवरून पडून गेलेल्या गवंड्याच्या घरी कंपनीतर्फे मराठीतून पत्र जायचे आहे, कार्यालयात बरे मराठी लिहिणारा तू एकटाच आहेस, म्हणून ते काम तुझ्याकडे आले आणि तू ते तपासण्यासाठी माझ्याकडे धाडलेस. सोबतच्या चिठ्ठीत तू एवढेच विचारले आहेस, की पहिल्या वाक्यात नियती, दैवदुर्विलास, प्राक्तन आणि विधिलिखित यांपैकी कोणता शब्द शोभेल. तू म्हणतोस, चारही एकाच अर्थाचे आहेत, तेव्हा त्यांतला जो भारदस्त आणि सांत्वन करणारा असेल तो कळव. हे चारही शब्द एका अर्थाचे असते तर मी फोनवरच उत्तर देऊन मोकळी झाले असते. ते तसे नाहीत, म्हणून कागद घेऊन बसले आहे. मी भाषेची पंडित नव्हे हे तुला ठाऊक आहेच. तीस वर्षे तहसील कचेरीत कारकुनी केली, लोकांचे अर्ज, जबाब आणि पंचनामे वाचले आणि लिहिले. शब्दांशी माझी ओळख झाली ती त्या कागदांतून, आणि थोडीफार बाबांच्या जुन्या शब्दकोशातून.

तुझे पहिलेच वाक्य ‘क्रूर नियतीने आपल्या कुटुंबावर घाला घातला’ असे आहे. वर्तमानपत्रांच्या निधनवार्तांत हे वाक्य इतक्या वेळा छापून आले आहे, की डोळा त्यावर थांबतही नाही. ‘नि’ हा उपसर्ग आणि ‘यम्’ हा धातू, म्हणजे आवरून धरणे, बांधणे; नियम, नियंत्रण, नियमित ही सगळी त्याच घरातली मंडळी. तेव्हा नियती म्हणजे बांधून दिलेला क्रम, ज्यात कोणाला ढवळाढवळ करता येत नाही. बुद्ध आणि महावीर यांच्या काळात मक्खली गोशाल नावाचा आजीवक पंथाचा आचार्य होऊन गेला, त्याने तर अवघे जगच नियतीच्या स्वाधीन केले होते. बौद्ध ग्रंथांत त्याच्या तोंडी असा दृष्टांत घातला आहे, की सुताचा गुंडा फेकला म्हणजे दोरा संपेपर्यंत तो उलगडत जातो, तसा प्रत्येक जीव, शहाणा असो की मूर्ख, आपले ठरलेले फेरे पुरे करतो आणि ते कोणाला कमी-जास्त करता येत नाहीत. ही नियती क्रूर नाही आणि दयाळूही नाही, कारण तिला मनच नाही. मराठीत आल्यावर मात्र तिला मन फुटले. ‘नियतीच्या मनात काही वेगळेच होते’ असे आपण लिहू लागलो, आणि पुढे ती घाला घालू लागली, थट्टा करू लागली, डाव साधू लागली. पंडित नेहरूंच्या १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीच्या भाषणाला मराठीत ‘नियतीशी करार’ म्हणतात. म्हणजे ती कागदावर सही करण्याइतकीही आपल्यातली झाली. या बदलाबद्दल माझी तक्रार नाही. पण हा शब्द छापील आहे. आपल्या वाडीत विहिरीवर, एसटीच्या थांब्यावर किंवा कोणाच्या मयताला कोणाच्या तोंडून मी ‘नियती’ ऐकलेली नाही. मराठवाड्यातल्या त्या गावात हे पत्र कोणीतरी त्या बाईला वाचून दाखवणार आहे. वाचणारा त्या शब्दापाशी अडखळेल, आणि ऐकणारीला एवढेच कळेल, की हे लिहिणाऱ्याने आपल्यासाठी लिहिलेले नाही.

‘दैवदुर्विलास’ तू सांत्वनासाठी सुचवावास याचे मला नवल वाटले. विलास म्हणजे क्रीडा. दैवाचा वाकडा खेळ असा त्याचा अर्थ. दुसऱ्यांना पोहायला शिकवणाराच बुडाला, अशा ठिकाणी तो शोभतो, कारण तेथे घडलेल्या गोष्टीतला विरोध दाखवायचा असतो. पण तसे म्हणणारा काठावर उभा राहून म्हणतो. घरात रडारड चालू असताना खेळाचा उल्लेख, मग तो वाकडा का असेना, कोणी करू नये.

आता तू मसुद्यात न लिहिलेल्या, पण त्या घरात नक्की उच्चारल्या गेलेल्या शब्दाकडे येते. तो म्हणजे नशीब. हा अरबी ‘नसीब’ फारसीतून आपल्याकडे आला आणि दख्खनच्या पाण्याने त्यातल्या ‘स’चा ‘श’ झाला. मूळ अर्थ वाटा, हिस्सा. हे मला नोकरीत बरीच वर्षे गेल्यावर कळले आणि त्या दिवशी मी हातातले काम बाजूला ठेवून बसून राहिले होते. कारण माझा सगळा दिवस हिस्से लिहिण्यातच जात असे. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप मागणारे भाऊ समोर उभे असत, पोटहिस्से पडत, सामाईक खाते फुटत असे. आपल्या कोकणातल्या कागदांत वाट्याला ‘तक्षीम’ म्हणतात आणि भागीदाराला ‘तक्षीमदार’, हे तू आजोबांच्या तोंडून ऐकले असशील. ही तक्षीम म्हणजे अरबी ‘तक्सीम’, आणि ‘किस्मत’ हा शब्द नेमका तिचाच सख्खा भाऊ. दोघांचाही धातू वाटणे या अर्थाचा. इकडे संस्कृतात पाहिले तर ‘भाग्य’ आले आहे ते ‘भाग’ या शब्दावरून. दोन वेगवेगळ्या भाषाकुळांतल्या लोकांनी दैवाचा विचार करताना शेतीच्या वाटणीसारखीच कल्पना केली: कोणीतरी काहीतरी वाटले आणि माझ्या वाट्याला हे आले. आपण आजही म्हणतो, ‘दुःख वाट्याला आले’. आणि ‘मला जाणे भाग आहे’ असे म्हणतो तेव्हाही तोच भाग, फक्त येथे तो टाळता न येणारे काम होऊन येतो. ‘भोग’ या शब्दाचेही असेच. ‘भोग सरत नाही’ असे म्हातारी माणसे कण्हत म्हणतात, आणि सात-बाराच्या उताऱ्यावर जमीन ज्याच्या नावे असते त्याला ‘भोगवटादार’ म्हणतात. दोन्हीकडे भोगणे एकच, एकीकडे ताप आणि दुसरीकडे ताबा.

मात्र हे सगळे वाट्याचे शब्द व्यवहारात एकसारखे चालत नाहीत. भाग्य बहुतेक चांगलेच असते. वाईट असेल तर त्याला दुर्भाग्य म्हणून वेगळी पाटी लावावी लागते. किस्मत आणि तकदीर मराठीत आल्या त्या बऱ्याचशा गाण्यांतून आणि सिनेमातून, त्यामुळे त्यांना थोडा नाटकी सूर आहे. नशीब मात्र सगळ्या घरांत शिरले आहे. ते उघडते, फुटते, फळफळते, बलवत्तर असते. ‘नशीब, वेळेवर आलास’ असे आपण म्हणतो तेव्हा तर तो शब्द वाक्याबाहेर उभा राहून नुसता सुटकेचा निःश्वास होतो. लिहिताना एवढे ध्यानात ठेव, की ‘नशीब’मधला ‘शी’ दीर्घ आहे, पण विभक्ती लागली की तो ऱ्हस्व होतो: नशिबाने, नशिबात, नशिबी. तुझ्या मसुद्यात शेवटच्या परिच्छेदात ‘सुदैवाने दुसरा कामगार बचावला’ असे वाक्य आहे. माहिती खरी आहे, शब्दही व्याकरणाने बरोबर आहे, पण ते वाक्य पत्रातून काढून टाक. ज्या परांचीवरून तिचा नवरा पडला, त्याच परांचीच्या नळीला धरून दुसरा लटकून राहिला आणि वाचला, याला सुदैव म्हणताना समोरच्या बाईचे काय झाले हे त्या शब्दात आपोआप लिहिले जाते.

येथे मला माझ्या मोठ्या आत्याची गोष्ट सांगितली पाहिजे. तू तिला पाहिलेस तेव्हा ती फार म्हातारी झाली होती आणि तुला तिचे नुसते खोबऱ्याचे लाडू आठवत असतील. तिचे लग्न झाले आणि अकराव्या महिन्यात आतोबा माडावरून पडून गेले. पायात अडकवायची दोरी झिजली होती. ती बदलायला हवी हे त्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते, बाजाराचा दिवस दोनदा येऊन गेला होता, आणि तरीही ती बदलली गेली नव्हती. पण गावात चर्चा दोरीची झाली नाही. चर्चा झाली ती आत्याच्या पायांची. ती पांढऱ्या पायाची ठरली. घरात आली आणि वर्षाच्या आत माणूस खाल्ला, असे बायका उघड म्हणू लागल्या. तिच्या सासरचे लोक दुष्ट नव्हते असे आजी नेहमी सांगत असे, आणि मला ते पटते. दोरीबद्दल बोलायचे तर कोणाचे तरी नाव घ्यावे लागले असते, आणि ते नाव घरातल्याच कर्त्या माणसाचे होते. कपाळाबद्दल बोलायला मात्र कोणाची परवानगी लागत नव्हती.

आत्या माहेरी परत आली आणि मग चाळीस वर्षे आमच्याच घरी राहिली. तिच्या तोंडात ‘नशिबी होतं ते झालं’ हे वाक्य असे; ती ते अगदी सहज म्हणत असे, भात उतरवताना, पोफळीच्या बागेला पाणी लावताना, आणि त्यातून तिला धीर मिळत असे हे मला लहानपणीही कळत होते. एकदा हळदीकुंकवाच्या दिवशी ओटीवर बसलेली शेजारची एक काकू आईला सहज म्हणाली, “तिच्या कपाळातच सौभाग्य नव्हतं, त्याला कोण काय करणार?” आत्या माजघरात नारळ किसत होती. ती हातात किसणी तशीच घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, “माझ्या कपाळात काय होतं ते मी म्हणेन. तू म्हणायचीस तर दोरीबद्दल म्हण.” त्यानंतर ती पुन्हा आत गेली आणि नारळ किसू लागली. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. या शब्दांबद्दल मला जे काही समजले आहे ते सगळे मला त्या दुपारी समजले. पुढे कोशात पाहिले ते नुसते ताळा करून घेण्यासाठी. ‘माझे नशीब’ हे बोलणे एक, आणि ‘तुझे नशीब’ हे बोलणे अगदी दुसरे. पहिल्यात माणूस स्वतःचे ओझे स्वतः उचलतो. दुसऱ्यात बोलणारा आपल्या अंगावरचे ओझे काढून समोरच्याच्या डोक्यावर ठेवतो, आणि वर त्याला सांत्वन म्हणतो. ‘आलिया भोगासी’ एवढे दोनच शब्द पुटपुटून किती माणसे उभी राहिली असतील. पण तेच शब्द दुसऱ्याला ऐकवायचे असतील तर ऐकवणाऱ्याने आधी आपल्या हातांकडे पाहावे.

म्हणून ‘प्राक्तन’ तर मुळीच नको. ‘प्राक्’ म्हणजे पूर्वी, आणि ‘तन’ हा प्रत्यय तोच जो अद्यतन, पुरातन या शब्दांत आहे. अद्यतन म्हणजे आजचे, प्राक्तन म्हणजे आधीचे. शब्दात वाईट काही नाही, पण व्यवहारात त्याचा अर्थ मागल्या जन्मीचे कर्म असा रूढ झाला आहे. म्हणजे त्या गवंड्याने, किंवा त्याच्या बायकोने, किंवा अजून पाळण्यात असलेल्या त्याच्या मुलीने मागे कधीतरी काहीतरी केले होते आणि त्याचे हे फळ, असे कंपनीच्या कागदावर, कंपनीच्या शिक्क्याखाली लिहिले जाईल. तू असे म्हणू इच्छीत नाहीस हे मला माहीत आहे. पण शब्द ते म्हणतो.

याच घरातले संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण हे शब्द तुला आजोबा समजावून सांगत असत. ते धनुष्यबाणाचा जुना दृष्टांत देत, मला स्वयंपाकघरातला अधिक जवळचा वाटतो. कणगीत साठवलेले धान्य ते संचित, त्यातून काढून चुलीवर चढवलेले ते प्रारब्ध, आणि आज शेतात पेरतो आहोत ते क्रियमाण. ‘प्रारब्ध’ आणि ‘प्रारंभ’ एकाच धातूपासून आले आहेत. प्रारब्ध म्हणजे ‘सुरू झालेले’, एवढेच. लोक मात्र तो शब्द ‘संपलेले’ असल्यासारखा वापरतात.

‘विधिलिखित’ पाहून मला थोडे हसू आले, ते तुझ्यावर नव्हे, माझ्यावर. कचेरीतल्या माणसाला विधी म्हणजे कायदा. मंत्रालयात विधी व न्याय विभाग असतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका अर्जात ‘विधिलिखित टळत नाही’ असे वाचून मी वरिष्ठांना विचारले होते, की हे कोणत्या कलमाखाली. येथला विधी म्हणजे ब्रह्मदेव. पण आपल्याकडे कपाळावर लिहिण्याचे काम ब्रह्मदेवापेक्षा सटवाईचे मानतात. षष्ठीची सटी झाली, सटीची सटवाई. तुझ्या वेळी आजीने पाट मांडला, दिवा लावला, आणि पाटावर एक कोरा कागद व तुझ्या बाबांचे शाईचे पेन ठेवले. रात्री सटवाई येते आणि बाळाचे पुढचे सगळे लिहून जाते, म्हणून घरात कोणीतरी जागे राहायचे. मी बाळंतीण, मला झोप लागली. पहाटे उठून मी पहिल्यांदा तो कागद पाहिला. तो कोराच होता. आजीला विचारले तर म्हणाली, “कपाळावर लिहिते ती, कागदावर नाही. कागद आपल्यासाठी.” तिला त्यातून काय म्हणायचे होते हे मी तिला कधी विचारले नाही, आणि आता विचारण्याची सोय नाही. तो कागद घडी घालून तुझ्या जन्मपत्रिकेत ठेवला आहे. एवढ्यासाठी मला विधिलिखित या शब्दाबद्दल माया आहे, पण त्या बाईने आपल्या मुलीच्या सटीला कोणता कागद ठेवला होता हे आपल्याला माहीत नाही. तिच्या घरातला शब्द तिच्याकडेच राहू दे.

तू म्हणशील, आई, मग दैव नाहीच का? मी तसे म्हणत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, वेगवेगळ्या क्रिया, आणि ‘दैवं चैवात्र पञ्चमम्’, पाचवे दैव. क्रम लक्षात घे. दैव आहे, पण ते पाचवे आहे. तुझ्या कामावर अधिष्ठान म्हणजे ती परांची, कर्ता म्हणजे तो गवंडी आणि त्याला वर चढायला सांगणारा, साधने म्हणजे ते सुरक्षा पट्टे, जे त्या सकाळी गोदामात कुलपात होते आणि ज्याची किल्ली असलेला माणूस आला नव्हता, हे तूच मला रात्री साडेअकराला फोन करून सांगितलेस. क्रिया म्हणजे, पाऊस थांबल्याबरोबर काम सुरू करा, ही घाई. हे चार रकाने भरल्यावर जे उरेल ते पाचव्या रकान्यात लिही. नेमका तोच का, त्याच घटकेला त्याचा पाय का सरला, शेजारच्याच्या हाताला नळी का लागली, याचे उत्तर चार रकान्यांत मिळत नाही आणि तेथे दैव हा शब्द मला अगदी प्रामाणिक वाटतो. जुन्या न्यायशास्त्रींनी यालाच ‘अदृष्ट’ म्हटले आहे. अदृष्ट म्हणजे न दिसणारे. न पाहिलेले नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतीत म्हटले आहे, की एका चाकावर जसा रथ चालत नाही तसे पुरुषप्रयत्नावाचून दैव फळत नाही. दुर्घटनेलाही दोन चाके असतात, असे मी त्याला जोडते. हे माझे पदरचे, स्मृतीतले नव्हे.

आपल्या शेतकऱ्यांनी हा भेद शास्त्र न वाचताच केला होता. संकटाला ते ‘अस्मानी सुलतानी’ म्हणत. पाऊस न पडणे, गारा पडणे हे अस्मानी. सारा सक्तीने वसूल होणे, लष्कर उभ्या पिकातून जाणे हे सुलतानी. दोन्हींनी पीक सारखेच जाते, पण पंचनामा लिहिताना आम्हाला पहिला प्रश्न हाच असे, की नुकसान कशाने झाले. वादळाने छप्पर उडाले असे लिहून आणणाऱ्याच्या घराच्या भिंती शाबूत आहेत की नाहीत हे जागेवर जाऊन पाहावे लागे, आणि बंधारा फुटून शेत वाहून गेले असेल तर तो पावसाने फुटला की वर्षानुवर्षे डागडुजी न केल्याने, हेही. अस्मानी लिहिले की सगळ्यांचीच सुटका होत असे. म्हणून काही लोकांना ते फार आवडत असे. तुझ्या मसुद्यातले ‘क्रूर नियती’ हे शब्द तुला वरून कोणी सुचवले असतील तर त्यांनाही ते त्याच कारणासाठी आवडले असतील, असा मला संशय आहे. मी चुकत असेन तर आनंदच आहे.

कायद्याला दैवाशी कर्तव्य नसते हेही तुला सांगून ठेवते. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात, आणि २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही, प्रश्न एवढाच, की अपघात नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झाला काय. झाला असेल आणि त्यात माणूस गेला असेल, तर मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. रक्कम देणे लागते, आणि ती कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. परस्पर हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. तुझ्या पत्रात ‘यथाशक्ती मदत’ असे शब्द आहेत. मदत आणि भरपाई यांत जेवढे अंतर आहे तेवढेच नियती आणि दोरी यांत आहे. कंपनीने काय द्यायचे हे ठरवणे तुझ्या हातात नाही, हे मला कळते. पण जे देणे आहे त्याला मदत म्हणू नये, आणि तसे लिहायचा आग्रह झाला तर त्या पत्राखाली तू सही करू नये, असे मला वाटते. नोकरीचे काय होईल याचा विचार मीही रात्री केला. तू काय करशील ते मला कळव. मी रागावणार नाही.

एक शब्द मला त्यातल्या त्यात निरुपद्रवी वाटतो, तो म्हणजे ‘योग’. स्थळ जुळले नाही, भेट हुकली, वारी चुकली की आपली माणसे ‘योग नव्हता’ म्हणतात, आणि त्यात मुलीला, मुलाला, मध्यस्थाला, कोणालाच बोल लागत नाही. शब्द इतका हलका आहे की मृत्यूचे ओझे त्याला पेलवत नाही. म्हणून तोही नको.

मी तुझी पहिली चार वाक्ये खोडली आहेत आणि त्यांच्या जागी असे लिहिले आहे, ते पाहा: ‘आपले यजमान सोमवारी सकाळी सहाव्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीला गिलावा करत असताना परांचीवरून खाली पडले आणि रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांच्या कमरेला सुरक्षा पट्टा नव्हता. पट्टे कामावर होते, पण त्या दिवशी ते वाटले गेले नव्हते. ते आमच्याकडे दीड वर्ष काम करत होते आणि कोपऱ्याची धार त्यांच्याइतकी सरळ काढणारा दुसरा गवंडी आमच्याकडे नव्हता.’ शेवटचे वाक्य तू मागे दिवाळीत घरी आला होतास तेव्हा बोलता बोलता म्हणाला होतास; मसुद्यात ते कोठेच नाही, म्हणून मी घातले. या चार वाक्यांत नियती, दैव, प्राक्तन यांतले काहीच नाही, हे तुझ्या लक्षात येईल. नशीब हा शब्द ती स्वतः उच्चारेल, तिला वाटेल तेव्हा. तो आपण तिला पुरवायचा नाही.

आणखी एक. त्याचे नाव तुझ्या मसुद्यात दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिले गेले आहे, एकदा ऱ्हस्व वेलांटी आणि एकदा दीर्घ, आणि आडनावात एके ठिकाणी ‘ळ’ आहे तर दुसरीकडे ‘ल’. हजेरीपटावर तिसराच प्रकार असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. त्याचा भाऊ सामान न्यायला आला होता असे तू म्हणालास. त्याला फोन करून आधार कार्डावर कसे आहे ते अक्षर न् अक्षर विचारून घे, बायकोचे नावही तसेच. या एका वेलांटीपायी माणसे सहा-सहा महिने कचेऱ्यांच्या पायऱ्या चढताना मी पाहिली आहेत. पाकिटावर गावाच्या पुढे तालुका आणि पिन कोड लिही, आणि पत्र स्पीड पोस्टाने पाठव, पावती जपून ठेव.

तुझी झोप कशी आहे ते तू लिहिले नाहीस. शनिवारी आलास तर बरे होईल. फणस उतरवला आहे आणि बाबांना एकट्याने तो संपत नाही.

तुझी,
आई